लहान मुलांचे जुलाब आणि जलसंजीवनी

पावसाळा सुरू झाला म्हणजे गावोगावच्या शाळांच्या हजेरीपत्रकांत गैरहजेरी वाढू लागते. चौकशी केल्यास पुष्कळदा पोट बिघडल्याचे कारण कळते. शाळेत येणारे मूल चार-दोन दिवसांत बरे होऊन परतते. परंतु त्याच घरातील वर्षा-दीड वर्षाच्या भावंडाच्या जिवावर तेच दुखणे बेतू शकते. म्हणून जुलाब होणाऱ्या मुलाची शुश्रूषा कशी करावी, ह्याचे ज्ञान प्रत्येक शिक्षकास असणे अगत्याचे आहे.

पाण्यासारखे जुलाब होऊन मूल दगावते, ते मुख्यतः शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. ह्या अवस्थेस शोष म्हणतात. मूल जितके लहान, तितका शोष लवकर पडतो. काही तासांतच त्याची प्रकृती चिंताजनक होऊ शकते. असे असूनही, 'पाणी पाजले की जुलाब वाढतात, पोटाला विश्रांती द्यावी' अशी समजूत अद्याप अनेक घरांत आढळते. तीमागील हेतू मायेचा असला, तरी परिणाम घातक होतो. गळक्या मडक्यात पाणी ओतणे थांबविल्याने गळती थांबत नाही. मडके मात्र लवकर रिकामे होते.

पाणी भरून काढावयाचे, तर नुसते पाणी पुरेसे नसते. आतड्यातून साखर शोषली जाताना ती मिठातील सोडियम बरोबर नेते आणि त्यांच्यामागोमाग पाणीही रक्तात शिरते. जुलाब चालू असतानाही ही क्रिया बहुधा शाबूत राहते. जलसंजीवनीचे सारे सामर्थ्य ह्या एका गोष्टीत आहे. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांत पटकीची साथ उद्भवली, तेव्हा पश्चिम बंगालमधील बनगाव येथे शिरेतून देण्याचे सलाईन अपुरे पडू लागले. डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज ह्यांचे पाणी रुग्णांना तोंडाने पाजण्याची व्यवस्था केली. पाजण्याचे काम पुष्कळसे रुग्णांच्या नातेवाइकांनीच केले. तेथे उपचार घेणाऱ्यांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा ३.६ पर्यंत खाली आले. घरच्या माणसांच्या हातून हा उपचार होऊ शकतो, हे त्यावरून सिद्ध झाले.

जलसंजीवनीची पुडी आशा कार्यकर्ती, उपकेंद्र वा प्राथमिक आरोग्य केंद्र येथे मिळते. प्रथम हात साबणाने धुवावेत. पुडीवर लिहिले असेल तितकेच पिण्याचे स्वच्छ पाणी मोजून घ्यावे व संपूर्ण पुडी त्यात विरघळवावी. अर्धी पुडी अंदाजाने वापरू नये. वरून साखर किंवा मीठही घालू नये. तयार पाणी झाकून ठेवावे आणि २४ तासांनंतर उरलेले टाकून द्यावे. पुडी मिळेपर्यंत १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून काम भागवावे. मीठ अधिक झाल्यास अपाय होतो. म्हणून चमचा सपाटच असावा.

दोन वर्षांखालील बालकास दर जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, म्हणजे पाव ते अर्धा कप, आणि त्याहून मोठ्या मुलास अर्धा ते एक कप पाणी चमच्या-चमच्याने द्यावे. उलटी झाल्यास १० मिनिटे थांबून पुन्हा सावकाश पाजावे. अंगावरचे दूध मुळीच तोडू नये. सहा महिन्यांवरील मुलास पेज, वरणभात, ताक असा हलका आहार थोडा-थोडा चालू ठेवावा. चहा व बाटलीतील गोड पेये टाळावीत. अतिगोड पेयाने जुलाब वाढतात. ह्याच्या जोडीला आरोग्य कर्मचाऱ्याच्या सल्ल्याने झिंकची मात्रा १४ दिवस द्यावी: दोन ते सहा महिन्यांच्या बालकास रोज १० मिलिग्रॅम, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत २० मिलिग्रॅम. जुलाब थांबले तरी ती मध्येच सोडू नये. जुलाब बंद करणारी औषधे मनाने देऊ नयेत.

घरच्या शुश्रूषेला मर्यादा आहे, हेही पालकांना सांगितले पाहिजे. मूल मलूल पडले किंवा शुद्धीवर नसले, त्याला पिता येत नसले, प्रत्येक घोट उलटून पडत असला, डोळे खोल गेले, लघवी फार कमी झाली, शौचात रक्त दिसले, किंवा पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश पूर्ववत झाली, तर क्षणाचाही विलंब न करता दवाखाना गाठावा; वाहन नसल्यास १०८ क्रमांकावर कळवावे. बालक दोन महिन्यांच्या आतील असल्यास लक्षणांची वाट पाहू नये. वाटेतही, मूल शुद्धीवर असून पिऊ शकत असल्यास, पाणी पाजणे चालू ठेवावे.

शिक्षकाचे कार्य ह्यात दुहेरी आहे. वर्गात एखाद्या मुलास जुलाब होऊ लागल्यास त्याला एकटे घरी धाडू नये. पाणी पाजून पालकांच्या स्वाधीन करावे. दुसरे कार्य शिकविण्याचे. बुडाशी भोक असलेले मडके घ्यावे, भोक बुचाने बंद करून ते काठोकाठ भरावे व तोंडावर ओले फडके ताणून बांधावे. बूच काढताच पाणी गळू लागते आणि फडके आत खचू लागते. तान्ह्या मुलाची टाळू शोषाने अशीच खाली बसते, हे मुलांना डोळ्यांनी दिसते. मग मोठ्या वर्गातील मुलांकडून मापाने जलसंजीवनी करवून घ्यावी व प्रत्येकाला तिची चव घेऊ द्यावी. ती अश्रूंपेक्षा अधिक खारट लागता कामा नये.

दिवसभर आई-वडील शेतावर असता धाकट्या भावंडाजवळ अनेकदा हीच मुले असतात. त्यांच्या हातांना हे माप ठाऊक झाले, तर वर्गातला हा एक पाठ घरातील बालकाचा प्राण वाचवू शकेल.