चाकांवरचं घर आणि वाळवंटातलं पाणी



मागच्या वर्षी एप्रिलमध्ये मी लेकीकडे अमेरिकेत, टेक्सासला होते. लेक, जावई, दोन नातवंडं आणि मी असे पाच जण बिग बेंड नावाचं राष्ट्रीय उद्यान बघायला गेलो. उद्यान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हिरवळ येते. इथे मात्र वाळवंट, आणि वाळवंटाच्या मधोमध डोंगर! तिथे मी पाण्याबद्दल एक गोष्ट शिकले. तुम्ही म्हणाल, पाण्याचं आपल्याला काय नवीन? मलाही तसंच वाटलं होतं.

आधी जागा समजून घ्या. रिओ ग्रांदे नावाची नदी इथे मोठं वळण घेते, म्हणून नाव बिग बेंड. नदीच्या पलीकडे मेक्सिको देश. १९४४ साली हे उद्यान झालं. नदीकाठ समुद्रसपाटीपासून साधारण १,८०० फुटांवर आहे, तर चिसोस डोंगरातलं सगळ्यात उंच एमोरी शिखर साधारण ७,८०० फुटांवर. म्हणून खाली निवडुंग आणि काटेरी झुडपं, तर वर ओक आणि पाइनची झाडं. खाली अंग भाजत असतं तेव्हा वर बरंच थंड असतं.

हे वाळवंट झालं कसं? महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि माण-खटावात कोरडं, हे आपण पाहतोच. ढग डोंगरावर रिते होतात, पलीकडे पोचत नाहीत. तिथेही मेक्सिकोतल्या मोठ्या डोंगररांगा समुद्रावरून येणारं बाष्प अडवतात.

आम्ही गेलो ते चाकांवरच्या घरातून. तिकडे त्याला आरव्ही म्हणतात. बसएवढ्या गाडीत बिछाने, गॅसची शेगडी, फ्रिज, छोटी मोरी आणि संडास. गाडी भाड्याने मिळते. तिला तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, दुसरी मोरीच्या सांडपाण्याची, तिसरी संडासाची. भरलेल्या टाक्या ठरलेल्या जागीच रिकाम्या करायच्या, रानात एक थेंब सोडायचा नाही.

आमची चांगल्या पाण्याची टाकी दीडशे लिटरची. शॉवर सोडला तर मिनिटाला सात-आठ लिटर पाणी जातं. पाच माणसं पाच-पाच मिनिटं न्हाली की टाकी संपलीच! मी पहिल्याच दिवशी शॉवर बंद केला. तांब्याने आंघोळ, भांडी आधी कागदाने पुसून मग विसळायची. जावई म्हणाले, "आई, तुम्ही होतात म्हणून टाकी पुरली." मला फार बरं वाटलं.

गाडीची लांबीही बघावी लागते. चिसोसच्या खोऱ्यात जाणारा रस्ता इतका वळणांचा, की २४ फुटांपेक्षा लांब गाडी तिथे नेऊ नका असं उद्यानाचं सांगणं आहे. आमची गाडी २५ फुटांची. एका फुटाने डोंगर हुकला. आम्ही नदीकाठच्या तळावर राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीच्या घळीकडे चालत निघालो. उद्यानाचं सांगणं असं, की माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे जवळजवळ चार लिटर पाणी ठेवा आणि ते पीत राहा. लेकीने प्रत्येकाला बाटल्या दिल्या. परतेपर्यंत ऊन चढलं. मी माझी बाटली उघडलीच नाही. मनात म्हटलं, पोरांना लागेल, असू दे शिल्लक. शिवाय वाटेत कुठे बसायचं, हीसुद्धा लाज. घाम तर आलेला दिसतच नव्हता. मग डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, आणि एका खडकाशी मी मटकन बसले.

लेकीने मला सावलीत घेतलं, ओला रुमाल मानेवर ठेवला, मीठ-साखरेचं पाणी घोट-घोट पाजलं. अर्ध्या तासाने बरं वाटलं. तिने माझी पिशवी उघडली. दोन्ही बाटल्या भरलेल्या! ती रडवेली होऊन म्हणाली, "आई, पाणी जवळ असून तू अशी पडलीस?"

कोरड्या हवेत घाम येतो, पण लगेच उडून जातो. त्यामुळे अंगातलं पाणी कमी झालेलं कळत नाही. तहान लागते तोवर उशीर झालेला असतो. बाटलीत राखलेलं पाणी जीव वाचवत नाही, पोटात गेलेलंच वाचवतं. कपात करायची ती आंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्यात. पिण्याच्या पाण्यात नाही.

मैत्रिणींनो, ते वाळवंट लांब आहे, पण ही सवय आपल्या घरातली आहे. रानात खुरपायला जाताना आपण सगळ्यांना पाणी देतो आणि आपण शेवटी पितो. आडोसा नाही म्हणून दिवसभर तहान मारतो. उन्हाळा आला, की कामाला जाताना आपली बाटली वेगळी घ्या. थोड्या थोड्या वेळाने दोन घोट घ्या, शेजारणीलाही आठवण करा. डोकं दुखलं, मळमळलं, की काम थांबवून सावलीत बसा. बोलण्यात गोंधळ झाला किंवा शुद्ध हरपली, तर तोंडात पाणी ओतू नका, अंग ओलं करून लगेच दवाखान्यात न्या.

ऐकता ऐकता एक घोट प्यालात ना? नसेल, तर आत्ता प्या. नमस्कार.