वार पडल्यानंतरचे दोन तास

वैभववाडीत अडलेल्या बाळंतपणाची गोष्ट निघाली की घाटाची निघतेच. करूळ घाट चढून गगनबावडा, तिथून कोल्हापूर 55 किलोमीटर. पावसात दरड आली की वाट अडते. 2024 मध्ये तर रुंदीकरणासाठी हा घाट बंदच होता. दुसरी वाट कणकवलीवरून ओरोसच्या जिल्हा रुग्णालयाकडे. इकडे वार पडल्यावर अंगावरून जायला लागलं आणि थांबलंच नाही, तर बाळंतिणीच्या हाताशी साधारण दोन तास असतात.

या दोन तासांसाठी बाहेरून कोण कोण धावून आलं आणि मागे काय राहिलं, हे पाहायचं तर सुरुवात जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, वेंगुर्ल्यात करावी लागते. तिथे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचा दवाखाना होता. मिशनचे डॉक्टर गोहीन यांचा मुलगा रॉबर्ट 1919 मध्ये वेंगुर्ल्यातच जन्मला.  गोहीन पाहुण्यासारखे आले नव्हते. त्यांनी इथे घर मांडलं होतं. पण दवाखाना समुद्राकाठी आणि अडलेली बाई सह्याद्रीच्या पायथ्याशी. तिच्या उशाशी असायची ती गावची सुईण. तिच्या हातात जाण होती, औषध नव्हतं.

औषध दवाखान्यात होतं, पण नाजूक. गर्भाशय आकसायला लावणारं ऑक्सिटोसिन थंड ठेवावं लागतं आणि टोचावं लागतं. जिथे विजेचा भरवसा नाही, तिथे ते कसं टिकायचं?

यावरचा एक उपाय घाटमाथ्यावर, आपल्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात तपासला गेला. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉक्टर आणि अमेरिकेतले संशोधक एकत्र आले. मिसोप्रोस्टॉलची गोळी तोंडाने घेता येते, तिला शीतपेटी लागत नाही. गावोगावच्या 1620 बायकांपैकी निम्म्यांना बाळंत होताच ही गोळी दिली, बाकीच्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. बिनऔषधाच्या गोळीवर शंभरात 12 जणींना जास्त रक्तस्राव झाला, औषधाच्या गोळीवर साधारण सहा जणींना. 2006 मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. या गोळ्या दिल्या होत्या नर्सबाईंनी, खेड्यातल्या घरी आणि उपकेंद्रात. डॉक्टर तिथे नव्हते, आणि नव्हते म्हणूनच त्या निष्कर्षाला मोल होतं.

त्याच कामात रक्त मोजायची एक साधी प्लास्टिकची पिशवीही वापरली गेली. बाळंतिणीच्या खाली पसरायची, टोकाला निमुळती, वर मिलिलिटरच्या खुणा. नुसत्या नजरेने रक्ताचा अंदाज बहुतेक वेळा कमी पडतो. कपड्यात आणि गादीत किती मुरलं ते कळत नाही. पुढे तशाच खुणांच्या पिशव्या, सोबत लगेच करायच्या उपचारांचा संच, असं आफ्रिकेतल्या चार देशांत 2 लाखांहून अधिक बाळंतपणांत आजमावलं गेलं. गंभीर रक्तस्राव आणि त्याचे परिणाम 60 टक्क्यांनी घटल्याचं 2023 मध्ये जाहीर झालं. शिकवायला परदेशातून माणसं येतात, हे आपल्याला ठाऊक होतं. इथल्या नर्सबाईंच्या हातून सिद्ध झालेली रीत परदेशातल्या प्रसूतिगृहांत पोचते, याची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही.

मधल्या काळात सरकारी पावलंही पडली. 2005 मध्ये जननी सुरक्षा योजना आली, 2011 पासून सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण मोफत झालं, 2014 मध्ये 108 ची गाडी धावू लागली. 2004-06 मध्ये महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे 130 माता दगावत होत्या. 2018-20 मध्ये 33. सुईणीच्या जागी आता आशाताई आहे. ती कळा सुरू होण्याआधीच गाडीची तजवीज करून ठेवते.

तरी भूलतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि रक्त या तिन्ही गोष्टी एकाच रात्री तालुक्याच्या ठिकाणी हाताशी असणं आजही सोपं नाही. म्हणून अशीच अडचण असलेल्या परदेशातल्या एखाद्या गरीब प्रसूतिगृहात महिनाभर सेवेला निघालेल्या आपल्या डॉक्टरांना बेळगावचा दाखला द्यावासा वाटतो. तुमच्या हातून किती बाळंतपणं सुखरूप झाली, ते मोजाच. पण तुम्ही परतल्यावर, वीज गेलेल्या पावसाळी रात्री, तिथली एकटी सिस्टर तुमच्यावाचून काय करू शकते, तेही निघण्याआधी पाहून या.