करारातील हक्क आणि माणसाचे हक्क

बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके उसावर उभे आहेत. त्यामुळे आंतरराष्ट्रीय व्यापारकरार हा दिल्ली-जिनिव्हाचा विषय आहे, असे म्हणून आपल्याला मोकळे होता येत नाही. भारत ऊस उत्पादकांना मर्यादेबाहेर आधार देतो, अशी तक्रार ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी 2019 साली जागतिक व्यापार संघटनेकडे केली. आक्षेपाच्या मुळाशी होता रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे आपल्या तोंडी बसलेली एफआरपी. 14 डिसेंबर 2021 रोजी निकाल भारताच्या विरोधात गेला. भारताने अपील केले. परंतु अपील ऐकणारे मंडळच 2019 च्या डिसेंबरपासून ठप्प असल्याने प्रकरण तेथेच थांबले. या वादात शेतकऱ्याला मिळणाऱ्या दराचा हिशेब टक्क्यांत मांडला गेला. त्याच फडात बीडकडून येऊन कोयता चालविणाऱ्या कुटुंबाची मजुरी आणि त्यांच्या लेकरांची बुडालेली शाळा हा मात्र तेथे मुद्दाच नव्हता.

व्यापाराच्या करारांइतकेच गुंतवणूक संरक्षणाचे करारही समजून घेतले पाहिजेत. दोन देश परस्परांच्या कंपन्यांना काही हमी देतात आणि त्या मोडल्या तर कंपनी थेट सरकारला आंतरराष्ट्रीय लवादापुढे खेचू शकते. एका खाणीचेच उदाहरण घेऊ. व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीने 1989 साली कोल इंडियाशी करार करून आजच्या झारखंडमधील पिपरवार येथे कोळशाची खाण उभारण्याचे काम घेतले. पैशांवरून वाद झाला. 2002 साली कंपनीच्या बाजूने सुमारे 40 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा निवाडा झाला, पण आपल्या न्यायालयांत त्याची अंमलबजावणी नऊ वर्षे रखडली. तेव्हा कंपनीने गुंतवणूक करारान्वये भारत सरकारविरुद्ध दाद मागितली. दाद मागण्याचे परिणामकारक साधन भारताने दिले नाही, असे ठरवून 2011 साली लवादाने भरपाई देवविली. विशेष म्हणजे ही हमी ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारात नव्हतीच. ती भारत-कुवेत करारातून उसनी घेतली गेली.

नऊ वर्षे! उजनीच्या पाण्याखाली जमिनी गेलेल्या इंदापूरकरांना न्यायालयीन तारखा म्हणजे काय, हे आम्ही सांगायला नको. विलंब दोघांच्याही वाट्याला येतो. त्याची किंमत वसूल करण्याची जागा मात्र एकालाच आहे.

महाराष्ट्रातील दाभोळ प्रकल्प याहून बोलका आहे. गुहागर तालुक्यातील एन्रॉनच्या वीजप्रकल्पाला विरोध करणाऱ्या ग्रामस्थांवर 1997 साली पोलिसी दडपशाही झाली. वेलदूरच्या मच्छीमार स्त्रियांना झालेल्या मारहाणीची नोंद ‘ह्यूमन राइट्स वॉच’च्या 1999 च्या अहवालात आहे. पुढे प्रकल्प बंद पडला. त्यातील भागीदार जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांनी 2003 साली भारत-मॉरिशस करारान्वये भारताविरुद्ध दावा उभा केला. अमेरिकन कंपन्यांना मॉरिशसचा दरवाजा खुला होता, कारण त्यांची गुंतवणूक कागदोपत्री तेथून आली होती. वेलदूरच्या बायांसाठी असा कोणताही दरवाजा त्या करारात नव्हता.

परदेशी भांडवल म्हणजे संकटच, असे आम्ही म्हणत नाही. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओ आणि फेरेरो या इटालियन कंपन्यांचे कारखाने आहेत आणि नोकरीची किंमत आपल्या समाजाला ठाऊक आहे. ती बाबासाहेबांनाही ठाऊक होती. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना 1943 च्या डिसेंबरात ते धनबादच्या कोळसा खाणींत स्वतः उतरले. पुढच्याच वर्षी खाणकामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी मांडले, की बेकाराला नोकरी आणि हक्क यांतून निवड करायला लावली, तर तो हक्क सोडून देईल. आज हीच निवड राज्यांपुढे आहे. गुंतवणूक हवी, तर नियम सैल करा.

लवादाच्या दाव्यांचा अनुभव घेतल्यावर भारताने 2016 पासून बहुतेक जुने गुंतवणूक करार संपुष्टात आणण्याच्या नोटिसा दिल्या आणि नव्या नमुन्यात पाच वर्षे आधी भारतीय न्यायालयांत दाद मागण्याची अट घातली. हे चांगलेच झाले. परंतु 2024 च्या संयुक्त अरब अमिरातीबरोबरच्या करारात ती अट तीन वर्षांवर आली. त्याच वर्षी स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन यांच्याशी व्यापारकरार झाला. त्यात 15 वर्षांत 100 अब्ज डॉलर गुंतवणुकीचे लक्ष्य आहे आणि कामगार व पर्यावरण यांवर प्रकरणही आहे. मात्र त्या प्रकरणाचा भंग झाल्यास लवादाकडे जाता येत नाही.

मग सामान्य माणसाच्या हाती काय उरते? ओडिशातील नियमगिरीवर लंडनच्या शेअर बाजारात नोंदलेल्या वेदांता समूहासाठी बॉक्साइटची खाण व्हायची होती. सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली वनहक्क कायद्याच्या आधारे हा प्रश्न ग्रामसभांकडे सोपविला. बाराही ग्रामसभांनी नकार दिला आणि 2014 च्या जानेवारीत केंद्राने मंजुरी नाकारली.

आपल्याकडे तसे वनक्षेत्र नाही. 2013 च्या भूसंपादन कायद्यात खासगी कंपनीसाठी जमीन घेताना 80 टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. परंतु एमआयडीसीसाठीचे संपादन 1961 च्या वेगळ्या राज्य कायद्याने होते आणि त्यात संमतीची ही अट नाही. जमिनीची नोटीस हाती आली, की ती कोणत्या कायद्याखाली काढली आहे, हे आपल्या शिकलेल्या मुलांनी सर्वांआधी वाचून सांगावे.