प्रतिकृती शर्यत-गाडीसाठी इलेक्ट्रॉनिक प्रारंभ-परिपथ : रचना व कार्य

प्रास्ताविक

सेकंदाला ५ मीटर वेगाने धावणारी प्रतिकृती गाडी २० मिलिसेकंदांत १० सेंटिमीटर अंतर कापते. अटीतटीच्या शर्यतीत निकाल फिरण्यास एवढे अंतर पुरेसे असते. गाडी हाताने स्विच दाबून सोडल्यास निकाल गाडीच्या रचनेपेक्षा सोडणाऱ्याच्या बोटावर अधिक अवलंबून राहतो. फॉर्म्युला वन शर्यतीत १९९६ पासून पाच तांबडे दिवे एकाच वेळी विझणे हा प्रारंभाचा संकेत मानला जातो. त्याच धर्तीवर, मार्गावरील दिवा विझताच गाडी आपोआप निघेल अशा परिपथाचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

मोटारीची प्रारंभिक धारा

मोटार स्थिर असताना तिच्यात विरोधी विद्युतगामक बल निर्माण झालेले नसते. धारेला अडवणारा असतो तो केवळ गुंडाळीचा रोध. ७.२ व्होल्टची बॅटरी व ०.६ ओहम रोध असल्यास प्रारंभिक धारा १२ अँपिअरपर्यंत जाऊ शकते. सर्वत्र मिळणाऱ्या बीसी ५४७ ट्रान्झिस्टरची मर्यादा ०.१ अँपिअर असल्याने तो येथे निरुपयोगी ठरतो. रिले धारा सहन करतो, परंतु त्याचे संपर्क जुळण्यास काही मिलिसेकंद लागतात आणि हा काळ प्रत्येक रिलेत वेगळा असतो. म्हणून कमी गेट-विभवावर पूर्ण वाहक होणारा आयआरएलझेड ४४ एन हा मॉस्फेट श्रेयस्कर होय. त्याच मालिकेतील आयआरएफझेड ४४ एन यास पूर्ण वहनासाठी सुमारे १० व्होल्ट लागतात. या बॅटरीवर ते उपलब्ध नाहीत.

संवेदन व स्मृती

एलडीआर स्वस्त असला तरी प्रकाश गेल्यावर त्याचा रोध सावकाश वाढतो. त्यामुळे फोटोट्रान्झिस्टर वापरावा. तो बॅटरीचे धन टोक व ५५५ आयसीची २ क्रमांकाची पिन यांमध्ये, तर १०० किलोओहमचा बदलता रोध त्या पिनेपासून ऋण टोकापर्यंत जोडावा. पिन ६ ऋण टोकास जोडलेली असते. दिवा विझताच पिन २ वरील विभव पुरवठ्याच्या एक-तृतीयांशाखाली येते, पिन ३ उच्च होते आणि मॉस्फेट मोटार सुरू करतो. पुढे प्रकाश पडला तरी ही स्थिती टिकते. पिन ४ ऋण टोकास जोडल्यावरच ती रद्द होते.

बदलता रोध फार मोठा ठेवल्यास सभागृहातील उजेडच पुरेसा होऊन गाडी जागची हलत नाही. फार लहान ठेवल्यास दिवा पेटलेला असतानाच ती निघून जाते. फोटोट्रान्झिस्टरवर काळी नळी बसवल्यास ही जुळणी सुकर होते. दिवाही विचारपूर्वक निवडावा लागतो. तंतूचा बल्ब बंद केल्यावर क्षणभर तेजाळत राहतो. प्रत्यावर्ती धारेवरील दिव्याचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-अधिक होतो व त्यामुळे चुकीचा प्रारंभ संभवतो. बॅटरीवर चालणारा एलईडी दोन्ही दोषांपासून मुक्त आहे.

प्रारंभीच्या मोठ्या धारेमुळे बॅटरीचे विभव खाली येते. आयसीला पुरवठा स्वतंत्र शॉट्की डायोडमधून देऊन २२० मायक्रोफॅरडचे धारित्र जोडल्यास आयसीची स्थिती ढळत नाही. मोटारीच्या टोकांवर उलट दिशेने डायोड जोडणे आवश्यक आहे. अन्यथा धारा तुटताना निर्माण होणाऱ्या उच्च विभवाने मॉस्फेट निकामी होऊ शकतो.

पिन ४ चा स्विच दिवा पेटल्यानंतरच मोकळा करावा. अंधारात तो मोकळा केल्यास पिन २ आधीच निम्न असल्याने गाडी तत्क्षणी धावू लागते.