फडकं, पॅड आणि आता कप

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आजचा विषय ऐकून काही घरांत रेडिओचा आवाज कमी होईल, हे मला ठाऊक आहे. कमी करा, पण बंद करू नका. विषय पाळीचा आहे. पाळीच्या वेळी वापरायच्या एका लहानशा वस्तूचा आहे, आणि थोडा पाण्याचाही आहे.

मी जळकोट तालुक्यात परिचारिका म्हणून काम केलं. लातूर जिल्ह्याचं हे पूर्वेकडचं टोक, पलीकडे नांदेडची हद्द. डोंगराळ भाग, मुरमाड जमीन, विखुरलेल्या वाड्या आणि तांडे. पाऊस पडतो आणि उतारानं निघून जातो. होळी झाली की हंडे रांगेला लागतात. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून ५ लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे लातूरला आली, ते चित्र सगळ्या देशानं पाहिलं. त्या उन्हाळ्यात टँकरपुढे हंडा घेऊन उभ्या असलेल्या बायकांपैकी कितीजणींची त्या दिवशी पाळी होती, हे मात्र कोणत्याच चित्रात दिसलं नाही. एका वाडीवर एक बाई मला म्हणाली होती, "ताई, प्यायला दोन हंडे मिळतात. त्यात फडकं कशात धुवू?" मी तिला नेहमीचं सांगत होते, की फडकं स्वच्छ धुवा आणि उन्हात वाळवा. तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

फडकं मुळात वाईट नाही, हे आधी सांगते. जाहिरातींनी आपल्या आयांच्या सुती लुगड्याच्या घड्यांना उगाच बदनाम केलं. मऊ सुती कापड, साबणानं धुतलेलं, कडक उन्हात वाळवलेलं असेल तर ते चांगलंच. पण त्याला दोन गोष्टी लागतात, भरपूर पाणी आणि चारचौघांत वाळत घालायची मुभा. आपल्याकडे पहिलीचा दुष्काळ आणि दुसरीची लाज. म्हणून फडकं कोमट पाण्यात बुचकळून दाराआड, साडीच्या खाली वाळत पडतं. ओलसर राहतं, मग खाज, पुरळ, जळजळ.

म्हणून पॅड आले. ८ मार्च २०१८ रोजी राज्य सरकारनं अस्मिता योजना सुरू केली, जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना ८ पॅडचं पाकीट ५ रुपयांत. त्याच वर्षी जुलैमध्ये पॅडवरचा जीएसटी उठला. २०१९ ते २१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते २४ वयाच्या मुलींपैकी ६४ टक्के पॅड वापरत होत्या आणि ५० टक्के कापड. बेरीज शंभराच्या वर जाते, कारण पुष्कळजणी दोन्ही वापरतात. घरी फडकं, कॉलेजला जाताना पॅड. कप वापरणाऱ्या शंभरात एकही भरत नव्हती.

पॅडनं सोय झाली, यात शंका नाही. पण वापरलेला पॅड टाकायचा कुठे? शहरात निदान घंटागाडी येते. तिथंही तो शेवटी कुणाच्या तरी हातात जातोच. पुण्यातल्या कचरावेचक बायकांच्या 'स्वच्छ' संस्थेनं २०१३ साली असे वापरलेले पॅड गोळा करून थेट कंपन्यांकडे पाठवले होते, तुमचा माल तुम्हीच सांभाळा म्हणून. वाडीवर तर घंटागाडीही नाही. उकिरड्यात पुरला तर कुत्री उकरतात, ओढ्यात टाकला तर पावसाळ्यात विहिरीपर्यंत येतो, जाळला तर आतलं प्लास्टिक धूर करतं. आणि आपल्याकडची समजूत अशी, की ते जाळलं तर मूल होत नाही. ही समजूत खोटी आहे, पण तिच्यापायी मी पॅडची गाठोडी पत्र्याच्या पेटीत साठवून ठेवलेल्या मुली पाहिल्या आहेत.

आता कपाकडे येते. हा काही नवा शोध नाही. लिओना चाल्मर्स नावाच्या अमेरिकन अभिनेत्रीनं १९३७ साली रबरी कपाचं पेटंट घेतलं. पुढे महायुद्धात रबराची टंचाई झाली आणि तिचा धंदा बसला. आजचा कप मऊ सिलिकॉनचा असतो. आकार घंटेसारखा, तळाला लहान देठ. घडी करून योनीत सरकवला की आत उमलतो, कडेनं घट्ट बसतो आणि रक्त शोषून न घेता साठवतो. एका कपात साधारण २० ते ३० मिलिलिटर मावतं. तुम्ही म्हणाल एवढंसंच? पण अख्ख्या पाळीत सर्वसाधारण बाईचं रक्त जातं ३० ते ४० मिलिलिटर. फडक्यावर पसरतं म्हणून ते पुष्कळ वाटतं. ८० च्या वर जात असेल तर मात्र कप बदलून भागणार नाही, तपासून घ्यायला हवं.

दिवसातून दोनदा, फार जात असेल तर तीनदा काढायचा, ओतायचा, तांब्याभर पाण्यात धुवायचा, परत बसवायचा. बारा तासांपेक्षा जास्त आत ठेवायचा नाही. पाळी सुरू होताना आणि संपल्यावर पाच मिनिटं पाण्यात उकळायचा. नीट वापरला तर एक कप पाच ते दहा वर्षं टिकतो. किंमत साधारण तीनशे ते पाचशे रुपये. पॅडची दोन पाकिटं महिन्याला धरा आणि तुमचा हिशेब तुम्हीच करा. माझ्या हिशेबात पैशापेक्षा पाणी मोठं होतं. फडक्यांना दिवसाला दोन बादल्या लागत, कपाला दोन तांबे.

दुसऱ्यांना सांगण्याआधी मी स्वतः वापरून पाहिला, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. पहिल्या महिन्याची गोष्ट सांगते. बसला चटकन. रात्री काढायला गेले तर निघेना. मी नर्स, शेकडो बाळंतपणं केलेली, आणि न्हाणीत घामाघूम होऊन बसलेली. बाहेरून सासूबाई विचारतायत, "काय झालं गं, चक्कर आली का?" चूक साधी होती. मी नुसता देठ ओढत होते. उकिडवं बसायचं, थोडा जोर करायचा, बोटांनी कपाचा तळ चिमटीत दाबायचा, आत हवा शिरते आणि कप सुटतो. हे मला आधी कुणी दाखवलं नव्हतं. कप आत हरवतो का, हा प्रश्न मला दर बैठकीत येतो. हरवायला जागाच नाही. वर गर्भपिशवीचं तोंड असतं आणि ते इतकं बारीक, की त्यातून कप जाणं शक्य नाही.

दाखवणारी बाई असणं किती महत्त्वाचं, याचा एक अभ्यास नेपाळात झालेला आहे. दोन अमेरिकन संशोधक बायकांनी चितवन भागातल्या चार शाळांतल्या १९८ मुली निवडल्या, त्यांतल्या काहींना, त्यांच्या आयांसह, कप दिले. ज्या मुलींच्या मैत्रिणींकडेही कप होता त्या तो लवकर शिकल्या. कप हवासा वाटणं ही अडचण नव्हती, जमणं ही होती. त्याच अभ्यासात दिसलं, की कपामुळे शाळेतली हजेरी काही वाढली नाही. कापडं धुण्याचा वेळ मात्र वाचला, पाळीच्या दिवसांत रोज वीसेक मिनिटं. कपानं मुली शिकतील वगैरे मोठमोठी वाक्यं बोलणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. वीस मिनिटं हीच त्याची खरी किंमत, आणि ती मला लहान वाटत नाही.

केरळात हे मोठ्या प्रमाणावर झालं. आलप्पुळा हे कालव्यांचं गाव, जमिनीत हातभर खणलं की पाणी, पॅड पुरायला जागा नाही. २०१९ मध्ये तिथल्या नगरपालिकेनं एका सरकारी कंपनीच्या मदतीनं ५ हजार कप वाटले. २०२२ च्या जानेवारीत कोचीजवळची कुंबलंगी ग्रामपंचायत पॅडमुक्त म्हणून जाहीर झाली. तिथं पाणी उदंड म्हणून कप लागला, आपल्याकडे पाणी नाही म्हणून लागेल. नुसती वाटप नको, मागे प्रशिक्षणही हवं, हे त्यांनी ओळखलं होतं.

आता अवघड प्रश्न. लग्न न झालेल्या मुलीनं वापरावा का? शरीराच्या दृष्टीनं हरकत नाही, लहान आकाराचे कप मिळतात. योनीच्या तोंडाशी असलेला पडदा ताणला किंवा थोडा फाटू शकतो, हे मी लपवणार नाही. पण तो सायकल चालवतानाही फाटतो, आणि काही मुलींना तो जन्मतःच नावापुरता असतो. त्यावरून कौमार्य कळत नाही. तरी आईची भीती मी हसण्यावारी नेत नाही. लग्नानंतर कौमार्याची चाचणी घेणारे लोक आपल्या राज्यात होते म्हणूनच २०१८ मध्ये तरुणांना त्याविरुद्ध मोहीम काढावी लागली. अशा घरातल्या मुलीला मी कापड किंवा पॅडच सांगते. तिची तब्येत मी जपेन, तिचा संसार कोण जपणार?

ज्यांना कपाचा सगळ्यात जास्त उपयोग व्हावा त्या ऊसतोडीच्या बायका. दिवाळी झाली की आमच्या तांड्यांवरून टोळ्या निघतात. कोपीत संडास नाही, न्हाणी नाही, पहाटे चारला फडात. खाडा झाला की पैसे कापले जातात, मग पाळी असो की ताप. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची सरकारी पाहणी २०१९ मध्ये झाली, तेव्हा त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. कप असता तर त्या पिशव्या वाचल्या असत्या, असं मी म्हणणार नाही. त्यामागे खाडा आहे, मुकादमाची उचल आहे, कॅन्सरची भीती घालणारे डॉक्टर आहेत. पण पहाटे निघताना बसवलेला कप दुपारी परत येईपर्यंत काढावा लागत नाही. उसाच्या पाचटात, चिखलानं भरलेल्या हातांनी फडकं बदलणं तरी टळतं. आमच्याकडची एक बाई दोन हंगाम वापरून आली. म्हणाली, "मोळी उचलताना साडीकडं बघावं लागत नाही बाई."

सगळ्यांना मात्र तो चालत नाही. बाळंतपणानंतर सहा आठवडे थांबावं. अंगावरून घाण वासाचं पांढरं जात असेल तर आधी उपचार. ओझी उचलून ज्यांचं अंग बाहेर येतं, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. अशा बायका आपल्याकडे बऱ्याच आहेत आणि त्या सांगत नाहीत. तांबी बसवलेली असेल तर कप ओढताना ती सरकू शकते, तिथंही विचारून घ्यावं. कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेल्यांना काही अडचण नाही. कप आत असताना एकाएकी जोराचा ताप, अंगावर चट्टे, उलट्या झाल्या तर कप काढून लगेच दवाखाना गाठायचा. असं फार क्वचित होतं, पण माहीत असावं.

आणि हात. कप स्वच्छ आणि हात घाणेरडे, असं चालत नाही. बसवण्याआधी आणि काढण्याआधी, दोन्ही वेळा साबण. पहिले दोन-तीन महिने गळेल, तेव्हा सोबत घडी ठेवा आणि चौथ्या महिन्यापर्यंत निकाल लावू नका. उकळायला जुनी चहाची पातेली वेगळी काढा, पाणी कपाच्या वर बोटभर असू द्या, नाहीतर तळ भांड्याला चिकटून जळतो. माझा पहिला कप तसाच गेला. वाळल्यावर सुती पिशवीत ठेवायचा, प्लास्टिकच्या डबीत झाकण लावून नाही.