चिल्लरीवरचा बट्टा

पेशवाईत अंकुशी, चांदवडी असे नाना टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात फिरत असत आणि सराफ प्रत्येक नाण्याचे वजन व कस पाहून त्यावर बट्टा कापून घेत. १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारच्या मुलखात एकाच वजनाचा रुपया चालू झाला आणि या बट्ट्याचे कारणच हळूहळू नाहीसे झाले. रुपया कोणाच्याही हातून आला तरी तो पुरता सोळा आणेच असला पाहिजे, हे तेव्हापासूनच्या चलनव्यवस्थेचे गृहीतकृत्य आहे. भाजीवाली, वर्तमानपत्र विक्रेता किंवा चहाच्या टपरीचा मालक चिल्लरीची पिशवी घेऊन बँकेच्या खिडकीपाशी उभा राहतो, तेव्हा मात्र हे गृहीतकृत्य डळमळू लागते. 'मोजायला माणूस नाही', 'तिजोरीत जागा नाही' ही उत्तरे ठरलेली असतात. कुठे मोजणावळ मागितली जाते. शंभर रुपयांच्या नाण्यांवर पाच रुपये कापले गेले, तर त्या माणसापुरता रुपया पंचाण्णव पैशांचाच ठरतो. हा बट्टाच झाला. नाव तेवढे बदलले.

वस्तुतः याबाबत नियम संदिग्ध नाहीत. २०११ च्या नाणे कायद्यानुसार एक रुपया व त्यावरील नाणी एका व्यवहारात एक हजार रुपयांपर्यंत वैध चलन आहेत. ही मर्यादा देणे फेडण्यापुरती आहे. खातेदाराने बँकेत किती नाणी भरावीत यावर रिझर्व्ह बँकेने कोणतीही मर्यादा घातलेली नाही. २००६ च्या बँकिंग लोकपाल योजनेत तर पुरेशा कारणाशिवाय नाणी नाकारणे आणि ती घेण्यासाठी कमिशन आकारणे ही तक्रारीची कारणे म्हणून स्वतंत्रपणे नमूद होती. २०२१ च्या एकात्मिक योजनेने ती तपशीलवार यादी काढून 'सेवेतील त्रुटी' ही व्यापक संज्ञा आणली. कायदेपंडितांना ही सुधारणा वाटेल. पण कलमावर बोट ठेवून रोखपालाशी बोलण्याची सोय सामान्य खातेदाराच्या हातून गेली, हेही खरे.

तथापि सगळा दोष रोखपालाच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. एक व दोन रुपयांची नाणी शक्यतो तोलून घ्यावीत, किंवा शंभर-शंभरच्या पिशव्यांत घ्यावीत, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. आता तोलायचे कसे? २०११ च्या मालिकेतील एक रुपया ३.७९ ग्रॅमचा, तर २०१९ च्या मालिकेतील ३.०९ ग्रॅमचा. १९९२ च्या मालिकेतील पोलादी रुपया ४.८५ ग्रॅम वजनाचा व २५ मिलिमीटर व्यासाचा होता. २०११ च्या दोन रुपयांच्या नाण्याचे वजन आणि व्यास नेमके तेवढेच आहेत. ही सगळी नाणी आजही वैध आहेत. म्हणजे तराजूला रुपया आणि दोन रुपये यांतला फरकच कळत नाही! टांकसाळीच्या या हौसेची किंमत खिडकीमागच्या कारकुनाला आपल्या बोटांनी मोजावी लागते.

खरी मेख आणखी पुढे आहे. जनतेला नाणी वाटल्याबद्दल रिझर्व्ह बँक बँकांना दर थैलीमागे मोबदला देते; १ सप्टेंबर २०२१ पासून तो २५ रुपयांवरून ६५ रुपये करण्यात आला. नाणी परत घेण्यासाठी असा मोबदला त्या योजनेत नाही. २०२३ मध्ये बारा शहरांत प्रायोगिक तत्त्वावर जी यंत्रे बसविण्याचे जाहीर झाले, तीही नाणी देणारी, घेणारी नव्हेत. जाण्याच्या वाटेवर दिवे आणि येण्याच्या वाटेवर अंधार, असा हा प्रकार आहे. मुंबईच्या 'बेस्ट'चे किमान भाडे जुलै २०१९ मध्ये पाच रुपये झाले, तेव्हा आगारांत नाण्यांचे ढीग साचले आणि कर्मचाऱ्यांच्या पगाराचा काही भाग नाण्यांत देण्याची वेळ आली. त्याच शहरात दुकानदार सुट्ट्या पैशांऐवजी गिऱ्हाइकाच्या हातावर चॉकलेट ठेवीत होते. तुटवडा आणि साचलेला ढीग एकाच वेळी, एकाच बाजारात दिसतो, तेव्हा दोष नाण्यांच्या संख्येत नसून त्यांच्या अभिसरणात असतो.

मोबाईलवरून पैसे देण्याची सवय वाढल्यामुळे हा प्रश्न आपोआप सुटेल, असे काहीजण मानतात. नोकरदारांपुरता तो बहुधा सुटलाही आहे. पण त्यामुळे चिल्लर ज्यांच्याकडे साचते तो वर्ग अधिकच लहान आणि अधिकच दुबळा होत चालला आहे. त्याच्यासाठी खिडकीपाशी भांडणारे कोणी उरलेले नाही. मोजणीचा खर्च कोणीतरी सोसलाच पाहिजे, हे मान्य. नाणी पाडण्याचा अधिकार केंद्र सरकारचा, ती वाटण्याची जबाबदारी रिझर्व्ह बँकेची. मग वाटपाला लावलेला थैलीमागचा दर परतीच्या थैलीलाही लावण्यास अडचण कोणती, याचे उत्तर या दोघांनीच द्यावयाचे आहे.

तोवर खातेदाराने एका मोलाची, शक्यतो एकाच आकाराची शंभर नाणी एका पिशवीत बांधावी, भरणा पावतीवर तपशील लिहावा, आणि नकार मिळाल्यास तो लेखी मागावा. बँकेकडे केलेल्या लेखी तक्रारीला तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते.