हत्तीला दोन रुपये, शेळीला एक आणा

नगर जिल्ह्यातल्या कर्जतच्या कोंडवाड्यात कधी हत्ती आला असेल असं वाटत नाही. आला असताच, तर मालकाला दोन रुपये भरून तो सोडवून नेता आला असता. 1871 च्या कॅटल ट्रेसपास अ‍ॅक्टच्या बाराव्या कलमात तसा दरच दिलेला आहे: हत्ती दोन रुपये, उंट किंवा म्हैस आठ आणे, घोडा, खेचर, बैल, गाय चार आणे, वासरू, गाढव, डुक्कर दोन आणे आणि शेळी-मेंढी एक आणा. दर पुढे बदलत गेले, पण मूळ तक्ता हा.

कोंडवाड्याचं वेड मला फार जुनं. मोकाट जनावरांचा विषय निघाला की आजकाल सगळे कुत्र्यांवर आणि न्यायालयांवर बोलतात. खेड्यापाड्यांत दीड शतक या कामाची सरकारी व्यवस्था होती, याची आठवण कुणाला येत नाही. म्हणून हा कायदा कलमवार वाचायला घेतला.

वाचताना पहिली गोष्ट जाणवते ती त्यातला काटेकोरपणा. पिकात शिरलेलं जनावर शेतकऱ्याने धरायचं आणि 24 तासांत कोंडवाड्यात पोचवायचं. रखवालदाराने ते वहीत चढवायचं, त्याला वैरणपाणी करायचं. मालक आला की दंड आणि खुराकी घेऊन जनावर सोडायचं. सात दिवसांत कुणी फिरकलं नाही, तर पोलीस ठाण्याला कळवायचं. ठाण्याने नोटीस लावायची, गावात आणि जवळच्या बाजारात दवंडी पिटायची, आणखी सात दिवस वाट पाहायची आणि मग जाहीर लिलाव. त्या लिलावात रखवालदाराने किंवा संबंधित अंमलदाराने बोली लावायची नाही, हेही कायद्यातच बजावलेलं. कायदा लिहिणाऱ्याला माणसांची चांगली पारख होती!

पण ज्याचं पीक गेलं त्याचं काय? दंडातला एक पैसाही त्याच्या हाती पडत नाही. भरपाई हवी असेल तर त्याने वेगळा दावा लावावा, एवढी मुभा कायद्याने ठेवली. शेजाऱ्याच्या म्हशीने ज्वारी खाल्ली म्हणून नगरच्या कोर्टाच्या पायऱ्या कोण चढणार? गावातली निम्मी भांडणं कोंडवाड्यापाशी का पेटत, याचं उत्तर मला इथे सापडतं. दंड भरून मालकाचं तोंड वाकडं आणि शेतकऱ्याचे हात रिकामेच.

खरी गंमत दुसऱ्या एका तक्त्यात आहे. 1927 च्या भारतीय वन कायद्याने राखीव जंगलात शिरलेल्या गुरांना हाच कोंडवाडा लावला आणि दर स्वतःचे ठरवण्याची मुभा घेतली. 71 व्या कलमातली कमाल मर्यादा अशी: हत्तीला दहा रुपये, म्हशीला दोन, गाईबैलाला एक रुपया आणि वासरू, गाढव, डुक्कर, शेळी, मेंढी यांना सरसकट आठ आणे. दोन्ही तक्ते शेजारी ठेवून बघा. गाय-म्हैस चौपट, हत्ती पाचपट आणि शेळी-मेंढी थेट आठपट. शेळी रोपं ओरबाडते हे खरंच. पण आठपटीपर्यंतचा हा भार कुणाच्या कळपावर पडला, हे कर्जत-जामखेडच्या माळावर सांगावं लागत नाही. जिच्या नावाने हा जिल्हा आता ओळखला जातो, ती अहिल्याबाई शेजारच्या चौंडीची, धनगर घराण्यातली. सरकारी तक्त्यांत मात्र मेंढपाळाच्या वाट्याला सर्वात चढा गुणाकार आला.

याच तालुक्यात 1980 पासून रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आहे. क्षेत्र जेमतेम 2.17 चौरस किलोमीटर, तेव्हा काळवीट बाहेरच्या शिवारात उतरणारच. त्याला कुणी कोंडू शकत नाही. उलट हरणांनी केलेल्या नुकसानीची भरपाई वनखात्याकडे मागता येते. म्हणजे कागदावर तरी, पीक जायचंच असेल तर शेजाऱ्याच्या गाईपेक्षा काळविटाने खाल्लेलं परवडलं!

कोंडवाड्याचा सगळा डोलारा एका गृहीतकावर उभा होता: प्रत्येक जनावराला मालक असतो, आणि मालक नसला तरी किंमत असते. कायद्यातल्या ‘गुरां’त हत्तीपासून करडापर्यंत सगळे आहेत, कुत्रा नाही. कुत्र्याचा बंदोबस्त शहरांनी वेगळ्या वाटेने केला. मुंबईत मारलेल्या एका कुत्र्यामागे आठ आणे इनाम होतं. जून 1832 मध्ये त्यावरून पारश्यांनी दंगल केली, बाजार बंद पाडले. 1834 मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांनी पांजरपोळ उभारलं. बेवारस जनावरांचा खर्च तिथे शेठ-सावकारांनी उचलला. आमच्याकडे असे शेठ नव्हते. कोंडवाडा लिलावावर भागवत होता.

मार्च 2015 मध्ये राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवर बंदी आली आणि त्या लिलावातली हवाच गेली. भाकड बैलावर बोली कोण लावणार? रात्रीतून दावं सोडून देणं स्वस्त पडू लागलं. कुत्र्यांसाठी 2023 चे नियम सांगतात की नसबंदी करा, रेबीजची लस टोचा, जिथून उचललं तिथेच सोडा. नियम चांगले आहेत, पण त्यासाठी शस्त्रक्रियेची सोय, पिंजरे, डॉक्टर लागतात. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झालेल्या कर्जतसारख्या गावाने एवढं सगळं कुठून आणायचं, यावर नियम गप्प आहेत.

आणि तरीही कर्जतला हे काम येत नाही, असं मी म्हणणार नाही. 2019 च्या दुष्काळातल्या चारा छावण्या आठवा. मोठ्या जनावराला दिवसाकाठी 90 रुपये, लहानाला 45, मे महिन्यात ते 100 आणि 50 झाले. कानात बिल्ले, रोजची हजेरी, चारा, पेंड, टँकरचं पाणी, पशुवैद्यकाची फेरी. मालक गव्हाणीशेजारीच मुक्कामाला. छावण्यांत गैरव्यवहार झाले, गुन्हेही दाखल झाले, ते झाकायचं कारण नाही. पण हजारो जनावरं एका जागी जगवण्याचा अनुभव या तालुक्याइतका फार थोड्यांकडे असेल. पाऊस पडला, की छावण्या मोडल्या आणि तो अनुभवही विखुरला.

सप्टेंबर 2024 मध्ये सरकारने गोशाळांतल्या देशी गाईला रोज 50 रुपये द्यायचं ठरवलं. म्हशीला नाही, जर्सीला नाही, गाढवाला तर नाहीच. 1871 च्या इंग्रजी तक्त्यात निदान गाढवालाही एक ओळ होती. मला हवा आहे तो छावणीच्या हिशेबाने चालणारा, बारमाही, जात न विचारणारा कोंडवाडा: वही, बिल्ला, वैरण, डॉक्टर, आणि कुत्र्यांच्या नसबंदीसाठी एक खोली. त्याचा खर्च लिलावातून निघणार नाही, हे आधी मान्य करावं लागेल. दुष्काळात आपण तो नफ्या-तोट्याचा विचार न करता केला, कारण तेव्हा दावणीची गुरं आपली होती. बेवारस जनावरासाठी तोच खर्च दरवर्षी नगरपंचायतीच्या अंदाजपत्रकात मांडायचा का, हा आता प्रश्न आहे, आणि तो कोर्टात नाही, कर्जतच्या सभागृहात सुटायला हवा.